खालचा सेल

२३ नोव्हेंबर १९९८
परत तेच! वरचा सेल ४.२ व्होल्ट, खालचा ३.८. वरचा भरला की चार्जिंग बंद करावंच लागतं, नाहीतर पेट घ्यायचा. खालचा तसाच अर्धपोटी. मग अण्णांचं बोलायचं मशीन पाच मिनिटांत गप्प. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना तेवढाच आवाज, आणि त्याची मूळ बॅटरी इथे मिळत नाही, म्हणून मीच दोन लिथियम सेल एकावर एक जोडून केलेली ही बॅटरी. धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न अकरा डिसेंबरला. मंगलाष्टकं अण्णाच म्हणणार, दादाच्या लग्नात म्हटली तशी — मी सगळ्यांना सांगून बसलेय!
माझ्या मीटरचे पेन्सिल सेल संपले. अण्णांच्या वॉकमनमधले काढून घेतले.

२५ नोव्हेंबर
वरच्या सेलला टॉर्चचा बल्ब लावून त्याचे जास्तीचे व्होल्ट उतरवले. सकाळी निघताना दोन्ही अगदी सारखे. संध्याकाळी येते तर खालचा पुन्हा उतरलेला! अस्सा संताप झाला.

२६ नोव्हेंबर
वागळे इस्टेटला आमच्या वर्कशॉपमधले बाबुराव म्हणाले, "अहो मॅडम, तो सेलच डाऊन असणार. बदलून टाका ना, डोकं कशाला खपवताय?"
बदलला.

२८ नोव्हेंबर
नवाही उतरला.

३० नोव्हेंबर
वरचा खाली, खालचा वर केला. कालपर्यंत ठणठणीत होता तोच आता ढेपाळला. म्हणजे सेल नाही, जागाच वाईट? असं कुठे असतं का! अण्णा पाटीवर काहीतरी लिहून दाखवत होते. "नंतर हो, अण्णा!" म्हणून खेकसले. वाचलंही नाही. मग दिवसभर लाज वाटत राहिली.

३ डिसेंबर
दुपारीच कळव्याला घरी आले. व्होल्टेज मोजायला दोन सेलच्या मधून मीच बाहेर काढलेली तार — तिला दुसरी तार पिळलेली! टेलिफोन खात्यात असताना घालायचे तसा घट्ट, सफाईदार पीळ. अण्णांशिवाय कोणाचा? दुसऱ्या टोकाला वॉकमन, आणि अण्णा डोळे मिटून ऐकतायत. एकट्या खालच्या सेलवर, रोज, मी कामावर गेले की!
"दहा दिवस मी वेड्यासारखी—" काय काय बोलले, लिहवत नाही. अण्णांनी पाटीवर एवढंच लिहिलं, "माझे सेल तूच नेलेस."

४ डिसेंबर
आज वॉकमनमधली ती कॅसेट ऐकली. दादाच्या लग्नातली मंगलाष्टकं. अण्णांचा खणखणीत आवाज!
त्या दिवशी मी न वाचलेलं वाक्य अण्णांनी पाटीवर पुन्हा लिहिलं. "मशीनचा आवाज मला नको, सुमे. लग्नात ही लाव."
दोन्ही सेल सारखे केले, शेजारी-शेजारी जोडले आणि वॉकमनला लावून दिले.