तिसरी साइडिंग

हर्नडन, मंगळवार

प्रिय पऱ्या,

फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तरी माझं पहिलं वाक्य संपायच्या आत काहीतरी विनोद करून मला उडवून लावशील, म्हणून कागदावर लिहितोय. कागदाशी वाद घालता येत नाही, अगदी पुणेकरालाही. ट्रॉयला शिवांगीच्या घरी नातीच्या कौतुकात बुडालेला असशील. गिरिजावहिनींनी पाठवलेले फोटो पाहिले. नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी! शनिवारी तुम्ही सगळे निघणार, लेक आणि नात गाडीत घालून थेट तुझ्या डोंगरातल्या घरी, आणि बाळ-बाळंतीण दोन महिने खालच्या त्या उबदार खोलीत राहणार, असं ठरलंय ना? हे पत्र त्या शनिवारच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून कुरिअरने धाडतोय. राग बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच टाकलंस तर तुला माझी शपथ आहे.

तू घर घेतलंस तेव्हापासून सांगतो. निवृत्त झालास, इथलं टाउनहाऊस विकलंस आणि वेस्ट व्हर्जिनियात फिंचर्स होलो नावाच्या त्या घळीत जाऊन बसलास. मंडळातले सगळे म्हणाले, परीक्षितचं डोकं फिरलं. तू म्हणालास, आसपासच्या डोंगरांत एवढा सपाट तुकडा शोधून सापडणार नाही, मागे क्रिकेट खेळू. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तू मला झुडपात रुतलेला रुळाचा तुकडा दाखवलास आणि हुकूम सोडलास, की इथे कोळशाच्या खाणीची रेल्वे होती म्हणे, तिचं मॉडेल करून दे, फायरप्लेसवर ठेवतो. मी वरवर कुरकुर केली, पण आतून हरखलो होतो रे. माझे बाबा घुग्गुसच्या कोळसा खाणीत, आमचं क्वार्टर साइडिंगला, म्हणजे मालगाड्या भरायला बाजूला काढलेल्या रुळांना, लागून. वाघिणी एकमेकींवर आदळल्याचा आवाज आला नाही तर मला झोप लागायची नाही. आमच्या बेसमेंटमधल्या मॉडेल रेल्वेला पद्मिनी सवत म्हणते, हे तुला माहीतच आहे. ही दुसरी सवत घरात आली म्हणून तिने चार दिवस अबोला धरला होता.

मॉडेल करणाऱ्यांची कामाची एक रीत असते. आम्ही नकाशावर विश्वास ठेवत नाही. नकाशात असतं ते बांधायचं ठरलेलं, फोटोत असतं ते बांधलेलं. आणि फोटोतही लोक इंजिन बघतात, आम्ही वाघिणी बघतो. दारं कुठल्या अंगाला उघडतात, चाकं कशी आहेत, अंगावर नंबर काय लिहिलाय. नंबर आणि रंग कळला की फोटो कधीचा ते कळतं. तिथल्या गावातल्या छोट्याशा म्युझियममधल्या बाईंनी मला खोकंभर फोटो स्कॅन करून पाठवले, वर 'तुमच्या मित्राला सांगा, फार दिवसांनी कुणीतरी त्या खाणीची आठवण काढली' असं लिहिलं. कंपनीच्या नकाशात दोनच साइडिंग होत्या, एक रिकाम्या वाघिणींची, एक भरलेल्यांची. त्या मी बसवल्याही. वाघिणींना गंज चढवला, वर खऱ्या कोळशाचा चुरा टाकला. तुला फोटो पाठवला तर तू 'वा मास्तर!' असं उत्तर पाठवलंस. तेव्हा मी दिवसभर तरंगत होतो.

मग एका फोटोत मला तिसरा रूळ दिसला. कोळसा धुण्याच्या इमारतीमागून निघून सरळ घळीकडे जाणारा. त्यावर बुटक्या बुटक्या वाघिणी, एका अंगावर कलंडून माल ओतणाऱ्या, आणि एकीवरही नंबर नव्हता. आता असं बघ, ज्या वाघिणीला नंबर नाही तिला मोठ्या रेल्वेवर घेत नाहीत. ती कंपनीच्या कुंपणाबाहेर जातच नाही. म्हणजे ती विकायचा कोळसा नेणारी नव्हे. मग ती नेते काय? मी आधी म्हटलं, खाणीत टेकूला लागणारं लाकूड असेल. पण त्यानंतरच्या फोटोत तोच रूळ जास्त लांब होता, आणि त्याच्याही नंतरच्यात आणखी लांब. टोकाला शेड नाही, गोदाम नाही, काहीच नाही. रूळ जातो आणि हवेत संपतो. मला घुग्गुसचे ढिगारे आठवले. ती कचऱ्याची साइडिंग होती, पऱ्या. खाणीतला दगड, माती, न खपणारा चुरा, सगळं त्या टोकावरून खाली लोटायचं, घळ थोडी भरली की त्या भरावावरच रूळ पुढे सरकवायचे. वर्षानुवर्षं हेच. आणि तो ढीग नुसता दगडमातीचा नसतो. त्यात कोळसा असतो, आणि कोळसा आपलाआपण पेटतो. वर गवत उगवतं, झाडं येतात, आत धुमसत राहतं. आमचे बाबा आम्हाला असल्या ढिगांवर पाऊल टाकू द्यायचे नाहीत. चपलेतून चटका बसला तर मागे न बघता पळा, म्हणायचे.

तरी मी मनाची समजूत घातली, की होलो केवढा मोठा, तो ढीग कुठेतरी पलीकडे असेल. मग मॉडेलची जमीन करायला घेतली. थर्मोकोलचे थर चिकटवून जुन्या फोटोंबरहुकूम घळ कोरली. आणि तुला चकित करायचं म्हणून तुझं घरही केलं, पुठ्ठ्याचं, हिरव्या छपराचं, पुढच्या कट्ट्यावर तुझी ती आरामखुर्चीसुद्धा. ओढ्याचं वळण आणि तुझी विहीर धरून जागा मोजून काढली, घर ठेवायला गेलो, तर खाली जमीनच नाही. घर माझ्या चिमटीत आणि त्याच्याखाली वीतभर पोकळी. त्या मापात वीतभर म्हणजे पाच मजली इमारत बुडेल एवढी. मला वाटलं माझंच चुकलं. सगळं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तुझी ती क्रिकेटची सपाट जागा देवाने केलेलीच नाही रे, त्या नंबर नसलेल्या वाघिणींनी केलीय. मी ते घर हातात धरून तसाच उभा राहिलो. पद्मिनी जेवायला हाका मारत होती.

त्यानंतर तुझ्या वर्षभराच्या गप्पा मला वेगळ्याच ऐकू यायला लागल्या. जानेवारीत तू फोटो पाठवला होतास. सगळीकडे गुडघाभर बर्फ आणि तुझ्या घरामागे मात्र हिरवंगार गवत. खाली लिहिलंस, जागा लाभली बघ आपल्याला. खालच्या खोलीची फरशी थंडीतही कोमट राहते, हीटर लावावा लागत नाही, म्हणून वहिनी गुडघ्यांसाठी खाली झोपायला लागल्या. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतो, तो म्हणे विहिरीच्या पाण्याचा. आणि वहिनींचं डोकं! रोज सकाळी ठणकायचं, उलटी होईपर्यंत. तू म्हणायचास पित्त आहे, सुंठ उगाळून लाव. ट्रॉयला गेल्या आणि डोकं थांबलं, तर तुम्ही म्हणालात नातीचा पायगुण. अरे पायगुण कसला, माणसा! त्या खोलीतून बाहेर पडल्या म्हणून थांबलं. तू वर झोपतोस, खिडकी उघडी टाकून, घोरत, म्हणून तुला काही झालं नाही.

हे सांगायलाच मी रविवारी फोन केला होता. माझी चूक एवढीच झाली, की मी रुळापासून सुरुवात केली. तू हसलास. मग चिडलास. घराचे सगळे कागद पाहिलेत, त्यात कुठेही साइडिंग नाही म्हणालास. खेळण्यातल्या रेल्वेवरून माझं घर पाडायला निघालास म्हणालास. आणि वर, खरं सांग श्रीरंग, तू जळतोस ना, हेही. फोन ठेवून मी लहान पोरासारखा रडलो, लपवत नाही. या देशात आलो तेव्हा एका खोलीत चौघं गाद्या टाकून झोपत होतो आपण. मला कावीळ झाली तेव्हा तू ऑफिसला दांडी मारून मऊ भात करून घातला होतास. त्या माणसाने मला जळतोस म्हणावं?

पण त्या भांडणातच तू एक वाक्य बोलून गेलास. म्हणालास, तूही त्या खालच्या अलार्मसारखाच झालायस, फोडणी नसताना कोकलत बसतोस. राग निवळल्यावर ते वाक्य मला टोचायला लागलं. आपल्या लोकांची ही खोड जगजाहीर आहे. मोहरी तडतडली, मिरची पडली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो. मग आपण त्याला शॉवर कॅप घालतो, टॉवेलने वारा घालतो, नाहीतर सरळ सेल काढून त्याला ड्रॉवरमध्ये टाकतो. इथल्या निम्म्या मराठी घरांत तो असाच मुका पडलेला असेल. तूही तेच केलंस, त्यात काही जगावेगळं नाही. पण अरे बाबा, तो अलार्म स्वयंपाकघरातला नव्हता. तो खालच्या खोलीच्या दारावरचा होता. तिथे कोण फोडणी घालतंय? आणि असले अलार्म नुसत्या धुराला ओरडत नाहीत, धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या ज्या विषारी वायूला ना रंग ना वास, त्यालाही ओरडतात. तू त्याच्यावर वैतागलास, त्याचं ऐकलं नाहीस.

तुम्ही नसताना मॉडेल बसवून ठेव म्हणून तू मला किल्ली दिली होतीस. काल सकाळी ड्राइव्ह करत गेलो, मॉडेल न घेता. पद्मिनी सोबत येते म्हणाली, मी येऊ दिलं नाही. घर बाहेरून इतकं देखणं दिसत होतं, की क्षणभर वाटलं आपणच वेडे. कट्ट्यावर ऊन, ओढ्याचा आवाज, जांभळी फुलं. अलार्म स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये सापडला, डाव आणि पळ्यांच्या खाली. नवे सेल घातले. वर तो गप्प होता. खाली जायचं दार उघडलं, त्याला हातात धरून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो आणि तो किंचाळायला लागला. शेगडी बंद, घरात चिटपाखरू नाही, मोहरीचा दाणा नाही, आणि तो असा किंचाळतोय की कानाला सहन होईना. मी त्याला तिथेच टाकला आणि बाहेर पळालो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते ऐक. मी फायर डिपार्टमेंटला फोन केला. गावातली माणसं मास्क लावून, यंत्र घेऊन खाली गेली आणि गेल्या पावली वर आली. मागच्या गवतात त्यांनी लोखंडी सळई खुपसली, ती बाहेर काढली तेव्हा हातमोज्यांतूनही धरवेना. त्यांच्यातला एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, दारं-खिडक्या लावून या खोलीत झोपवलेलं तान्हं मूल सकाळी उठलं नसतं. तुझ्या दारावर त्यांनी लाल पट्ट्या ठोकल्या आणि किल्ली माझ्याकडून घेतली. तुझं घर मी बंद करवलं, परीक्षित. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. मी तुला ओळखतो, 'बघूच काय होतं ते' म्हणत तू पट्टी तोडून आत शिरशील. नको रे, हात जोडतो. शिवांगीला मी काही बोललेलो नाही. ओली बाळंतीण ती, तिने हे आपल्या बाबांच्या तोंडून ऐकावं. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार, मग तू जन्मात माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. आमच्याकडे या सगळे, पद्मिनीने वरची खोली रिकामी केलीय. आणि एक. तू हिवाळाभर खपून केलेला पाळणा खालीच राहिला, हुकाला टांगलेला. मी त्यांच्याकडे मागितला, त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही. तो आणायला जाऊ नकोस.

तू मानलंस तरी आणि नाही मानलंस तरी तुझाच,
श्रीरंग