सेर्वे आजोबांच्या पिस्तुलाची व्यवस्था

गेल्या रविवारी बोवींच्या घरी भर जेवणाच्या टेबलावर त्यांची मुलगी ओदील म्हणाली, "तिबो, ते पिस्तूल पुन्हा उडवलंस तर आमच्याकडे येऊ नकोस," आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. म्हणून मी, तिबो लोन्यार, वय बावीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, राहणार लिएज, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय (रागात आहे, पण राग म्हणजे दडपण नव्हे) हे लिहून ठेवत आहे.

मला मरायचं नाही. शंभरी उलटलेल्या पिस्तुलाचा वर्षातला पहिला बार काढण्याआधी मृत्युपत्र लिहायचं आणि दोघांची साक्ष घ्यायची, ही आमच्या नेमबाजी मंडळाची रीत आहे. बाकीचे त्यात विनोद लिहितात. मला आज सुचत नाहीत.

टेकडीवरचं आजोबांचं घर आईला. ती ओस्टेंडला नव्या नवऱ्याबरोबर सुखात आहे, तिला ते नकोच असणार, तरी तिलाच. स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर आजोबा गेल्यापासून कुणी बसलेलं नाही. ती शेजारच्या मादाम पिरोन यांना द्यावी. निदान कुणीतरी टेकेल.

आजोबांच्या कानशी आणि पकडी मंडळाला. माझी पुस्तकं कॉलेजला. "जुनं पोलाद थकतं," असं तिथल्या सरांनी शिकवलं. "कशानं थकतं, वापरून की पडून?" असं विचारलं तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. मी कॉलेजबाहेरच पडलो.

आता पिस्तूल. मूळची जोडी. त्यातलं एक ओदीलच्या वडिलांकडे, म्हणजे मस्यू बोवींकडे काचेच्या कपाटात आहे. दुसरं आजोबांनी माझ्यासाठी ठेवलं. त्या रविवारी मस्यू बोवी म्हणाले, "जोडी माझ्या कपाटात एकत्र येऊ दे, पोरा. मग दर रविवारी या टेबलावर तुझी जागा पक्की."

"आणि बार?"

"बार? दीडशे वर्षांच्या म्हातारीला नाचवतोस होय रे?"

सगळे हसले. ओदीलसुद्धा.

मी उठून कपाटातलं पिस्तूल हातात घेतलं. घोडा चढवलेला! रुबाबदार दिसतं म्हणून वर्षानुवर्षं तसंच ताणून ठेवलेलं. मध्ये अंगठा धरून चाप ओढला. घोडा अंगठ्यावर पडला, पण दुखलंसुद्धा नाही. आतली स्प्रिंग मेलेली. आमचं दर रविवारी बेताच्या दारूनं वाजतं, उकळत्या पाण्यानं धुतलं जातं, घोडा उतरवून तेल लावून झोपतं. त्याचा घोडा आजही अंगठा फोडेल. हे मी ओरडून सांगितलं, कारण हळू बोललेलं त्या घरात कुणी ऐकत नाही. मस्यू बोवींनी पिस्तूल काढून घेतलं, पुन्हा घोडा चढवला आणि कपाट बंद केलं. मग ओदील ते वाक्य बोलली.

तरी माझं बरंवाईट झालं तर आजोबांचं पिस्तूल ओदीललाच. कपाटासाठी नव्हे, महिन्यातून एकदा तरी तिनं ते वाजवावं. मस्यू बोवींनी त्याला हात लावू नये.

आणि मी धडधाकट परतलो तरी एक विनंती कायम राहील. ओदील, कपाटातल्या त्या पिस्तुलाचा घोडा उतरवून ठेव. अंगठ्यानं धरून, हळूच. ताणून ठेवलेलं टिकत नाही. तुमच्या फाटकाबाहेर उभं राहून राहून मला ते कळलंय.

हे वाचून, साक्षीला आलेले मंडळातले गास्तों काका म्हणाले, "अरे, मृत्युपत्र लिही म्हटलं होतं, प्रेमपत्र नाही!"

"काका, सही करा."

"ती आलीय का?"

"निरोप दिलाय."

त्यांनी सही केली.

साक्षीदार: गास्तों देलव्हो
साक्षीदार: आर्सेन पिरोन
सही: तिबो लोन्यार
मंडळाची खोली, लिएज, रविवार, १२ जानेवारी २००३

कागद शेगडीजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पिस्तूल घेऊन मैदानाकडे निघालो. थंडी आत येते म्हणून दार ओढून घेत आहे. कडी घातलेली नाही.