मफलरची कात

१६ जुलै, बुधवार. सायं. ७

आल्हाद येऊन गेला. थोरल्या भावाचा मुलगा, संभाजीनगरला नोकरीला असतो. पंधरा दिवस ट्रेनिंगला बंगळुरूला चाललाय म्हणून त्याने त्याचा पाळीव साप माझ्या स्वाधीन केला. बॉल पायथन. बिनविषारी, आफ्रिकेचा, सरकारी नोंदणीचा कागद सोबत. नाव मफलर. काचेची पेटी हॉलमध्ये ठेवली.

सूचनांचे दोन छापील कागद त्याने माझ्या बायकोच्या, सुलभाच्या हातात दिले, कारण मी त्या वेळी पलंगावर उभा राहून सापाचं निरीक्षण करत होतो. तिने ते चुंबकाने फ्रिजवर लावले. मी वाचणार नाही. मी निरीक्षणाने शिकणारा माणूस आहे.

संकल्प: रोज एक तास निरीक्षण.

१८ जुलै, शुक्रवार

निरीक्षण सात मिनिटं झालं. साप हलला नाही. मीही नाही.

शाळेत मफलरची बातमी सांगितली. (कोणी विचारलं नव्हतं.) मुख्याध्यापक शेखर सर म्हणाले, नीळकंठराव, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना सापांवर चार शब्द सांगा की. मी चिखलीच्या या शाळेत सव्वीस वर्षं क्लार्क आहे. सव्वीस वर्षांत मला स्टेजवर माइक चालू आहे का ते बघायलाच बोलावलंय. "हॅलो हॅलो" यापलीकडे माझं एकही वाक्य कोणी ऐकलेलं नाही. हो म्हटलं. घरी येईपर्यंत रस्त्यात दोनदा "हॅलो हॅलो" म्हणून पाहिलं.

२१ जुलै, सोमवार. एकादशी

सुलभाने चिमट्याने उंदीर पुढे धरला. (आल्हादने दिलेले गोठवलेले उंदीर फ्रिजमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात असतात. मी आइस्क्रीम सोडलंय.) मफलरने तोंड फिरवलं. अंगाचा रंगही मळकट झालाय. मला लगेच उलगडा झाला. आज एकादशी आहे. मुक्या जीवाला कळतं आणि आपण मेले फराळावर ताव मारतो.

शेजारच्या बेबीताईंना सांगितलं. त्या हात जोडून म्हणाल्या, उपास धरला त्यानं? बाप्पा. आमच्या घरचे त धरत नाहीत.

संकल्प: मफलर खात नाही तोवर मीही अन्नाला शिवणार नाही.

दुपारी १२.४०. एक कचोरी. मफलर झोपला होता, त्याने पाहिलं नाही.

२३ जुलै, बुधवार

मफलरने द्वादशीला उपास सोडायला हवा होता, सोडला नाही. आज कारण कळलं. डोळे निळसर-दुधाळ झालेत. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांना. बिचाऱ्याला उंदीर दिसतच नाहीये.

सुलभा म्हणाली, मोतीबिंदू नाही काही, कात टाकून राह्यला तो. आमच्या साखरखेर्ड्याले बांधावर लय पाह्यल्या म्या काती. हात नका लावू त्याले.

ती माहेरच्या शेतातल्या सापांचं सांगते. हा आफ्रिकेचा आहे. वाद घातला नाही.

व्याख्यान लिहायला घेतलं. घरात कोरा कागद नव्हता. फ्रिजवरच्या दोन कागदांची पाठ कोरी होती, ते नेऊ का विचारलं. न्या, मले पाठ झालं ते, म्हणाली. छापील बाजू पाहिली नाही. लिहिताना दुसऱ्याचं वाचलं की आपली शैली बिघडते.

२४ जुलै, गुरुवार

नेत्रतपासणी शिबिरात नाव नोंदवायला गेलो. मफलर नीळकंठ, वय तीन. टेबलावरच्या मुलीने विचारलं, चश्मा लागला का बाळाले? मी म्हटलं, त्याला कान नाहीत, चष्मा बसणार कुठे? तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. आपल्याकडे प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेत नाहीत.

येताना स्वतःच ड्रॉप आणले. सुलभाने बाटली काढून घेतली. काऊन तरास देऊन राह्यले त्याले, तुमच्याच डोळ्यात टाका, म्हणाली. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून टाकले. चुरचुरलं.

२६ जुलै, शनिवार

सहा दिवस पोटात काही नाही. पाण्याच्या भांड्याजवळ पडून असतो. इथे खरं लिहितो, मला भीती वाटतेय. मेला तर आल्हादला काय तोंड दाखवू? आणि बुधवारी स्टेजवर काय दाखवू? आज पेटीजवळ खुर्ची ओढून बसलो. काचेला बोट लावलं. (बाहेरून.)

२७ जुलै, रविवार

डोळे स्वच्छ! ड्रॉपचा गुण. बाटली नुसती घरात असली तरी फरक पडतो असं दिसतं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

सकाळी मफलरच्या ओठाजवळचं कातडं सुटून लोंबत होतं. इन्फेक्शन. तातडीने कापणं भाग होतं. कात्री डेटॉलने पुसून, स्वेटर, हातमोजे आणि हेल्मेट घालून पेटीपाशी आलो तर सुलभा आडवी उभी. आज नागपंचमी हाये, म्या भाजी चिरली नाही, तवा ठेवला नाही, अन् तुम्ही नागोबाले कापून राह्यले? कात्री कपाटात, किल्ली कमरेला. मग तिने एका प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडलं (चाकू नको म्हणून तापवलेल्या उलथन्याने), आत ओलं फडकं घालून तो पेटीत ठेवला. मफलर आपण होऊन आत गेला. माझ्या हेल्मेटला घाबरला असणार.

बेबीताई लाह्या आणि दूध घेऊन आल्या. मी दूध पाजायला परवानगी दिली. सुलभाने त्याचा चहा केला.

३० जुलै, बुधवार. सकाळी ६

डब्यात आख्खी कात. नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, पायमोजा उलटा काढावा तशी. डोळ्यांवरच्या टिकल्यासुद्धा निघाल्यात. मफलर नवा कोरा, चकचकीत. सुलभाच्या मनगटाला वेटोळं घालून बसलाय.

कात येणार हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. लिहायचं राहिलं.

व्याख्यानाचा विषय बदलला: साप कात टाकतो तेव्हा. कात सोबत नेतोय. मोतीबिंदूचा परिच्छेद खोडला, एकादशीचा ठेवला. माझा दिवस आहे आज.

रात्री ९

हॉल भरलेला होता. सुलभा आणि बेबीताई मागे खुर्च्यांवर. मी स्वतःच माइक तपासला आणि, सव्वीस वर्षांत प्रथमच, खाली उतरलो नाही.

सुरुवात फार चांगली झाली. कात उंच धरली, मुलं उठून बघायला लागली. एकादशीच्या परिच्छेदाला शेखर सर खोकले. पान संपलं, मी त्या ओघात कागद उलटला आणि खड्या आवाजात पुढे वाचत गेलो. रंग मळकट झाला, डोळे दुधाळ झाले की समजायचं, कात येतेय. तेव्हा खाणार नाही, आग्रह करायचा नाही. हाताळायचं नाही. ओलं फडकं ठेवायचं. कातडं ओढायचं नाही, कापायचं नाही, आपोआप निघतं.

शेखर सर म्हणाले, मुलांनो, महत्त्वाचं आहे, उतरवून घ्या. शंभर पेनं चालू झाली. मला भरून आलं. वाचता वाचता वाटलं, किती सोपं लिहिलंय मी हे. त्याच भरात पुढची ओळही वाचली, तीही माइकवर, सावकाश, मुलांना लिहिता यावं म्हणून:

"आणि काकू, काका मदत करायला येतील. येऊ देऊ नकोस."

मुलांनी तेही उतरवून घेतलं.