पायपेटी सौम्यालाच

सगळ्यात आधी आला नरसिंगच, माझा दीर, डोक्याला कानावरून टॉवेल गुंडाळलेला. मागं त्याचा किरणकुमार, हातात कुऱ्हाड. "वैनी, पेटी घराण्याची हाय, काढ भाईर." मी म्हटलं, "बस की, चहा घे." तर पोरानं पेटीच्या कोपऱ्यावर घाव घातला. मग माझं मुसळ त्याच्या गुडघ्यावर बसलं. सोडवायला आलेल्या शेजारच्या गुरुशांतप्पांचं कपाळ कुऱ्हाडीच्या दांड्यानं फुटलं. रक्तच रक्त, अन् खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं! म्हणून आजच लिहून ठेवते.

मी चन्नम्मा, मयत व्यंकट यांची बायको, राहणार मेहकर, तालुका भालकी, राजीखुशीनं हे मृत्युपत्र करते. डोकं ठिकाणावर आहे. मुसळाचा नेम चुकला न्हाई, आणखी काय पुरावा पाहिजे?

१. पायपेटी, पायानं भाता हाणून वाजवायची ती, घराण्याची न्हाई. चर्चच्या मडमेनं मला शिकवली, जाताना मलाच दिली. तेव्हा गायनमंडळीचा मास्तर नरसिंग. "बाईमाणसानं कामून वाजवावं?" म्हणून भर तालमीत त्यानं झाकण माझ्या उजव्या हातावर आपटलं अन् वर बसला. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट मोडलं. मी दातानं त्याच्या कानाची पाळी तोडली. टॉवेल तेव्हापासूनचा. मास्तरकी माझ्याकडं आली. ती दोन बोटं वर धरूनच मी वाजवलं, नाताळाच्या सगळ्या चाली तशाच बांधल्या.

नात सौम्या बघून बघून शिकली. तिची बोटं धड, तरी तीच दोन वर धरते. "अगं, टेकव की!" तर म्हणते, "आज्जी, असंच वाजवतात न्हवं?" पेटी आजपासूनच तिची.

२. घरही सौम्याचं. कुऱ्हाड ते इथंच विसरले, ती जळण फोडायला वापरावी, परत देऊ नये. मुसळ मैतरीण लिंगम्माला, तिचाही दीर तसलाच आहे.

३. चाली गायनमंडळीच्या. माझ्या मयतीत नरसिंगनं गावं. खालच्या सुराला तसा गळा दुसरा न्हाई. पण टॉवेल काढून.

मारामारीत पेटीवर बसलेली सौम्या उठली न्हाई, वाजवतच राहिली. नरसिंगनं तिची वर धरलेली बोटं बघितली, त्याचा हात आपसूक कानाकडं गेला, अन् तो पायऱ्या उतरला. पोरगा मात्र लंगडत ओरडला, "ऐतवारी माणसं घेऊन येतो!"

साक्षीदार: गुरुशांतप्पा (पट्टी बांधलेल्या कपाळानं), लिंगम्मा (अंगठा)
सही: चन्नम्मा, डाव्या हातानं
मेहकर, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

येतो म्हणाला तो ऐतवारी. या म्हटलं, त्या दिवशी सगळी गायनमंडळी तालमीला इथंच असते.