वाट्याचं वचन

अकोला, ६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
प्रभूच्या नावात बंडूचा सा. सलाम. वि. वि.

फोनवर तुला माझ्या ‘हॅलो’पलीकडे काही ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंयस, तेव्हा पत्र लिहिणं आलं. पार्सल उघडलंस का? टिपांचं बायबल आहे. वर वचनं, मग एक रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात सगळा उलगडा. गाव कुठलं, माप केवढं, माणसं तशी का वागली. साठ वर्षं आपण नुसतं पाठ म्हणत आलो. अडलं की भाऊजी सांगायचे. त्यांना जाऊन आता वर्ष झालं, तेव्हा सांगणारं कोणी नको का? मीही अगदी अशीच प्रत घेतलीय. दोघांनी एकच भाग वाचायचा आणि एकमेकांना लिहायचं. आधी योना संदेष्ट्याचं पुस्तक घेऊ.

तुझी खोली तयार आहे. रागिणीनं पडदेसुद्धा लावले. ती विचारते, आत्याबाई तिथं एकट्या काहून राहून राहिल्या. सूनबाईला काय उत्तर देऊ?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बंडू

अमरावती, १९ फेब्रुवारी

चि. बंडूस अ. आ. वि. वि.

पुस्तक पाठवून तू माझं घर बुडवलंस. भिंग घेऊन बसले की उठवत नाही, परवा वरण करपलं. देवानं योनाच्या डोक्यावर सावलीसाठी वाढवला आणि दुसऱ्या दिवशी वाळवला तो वेल म्हणजे बहुधा एरंड, हे वाचून मला हसूच आलं. आपल्या परसातला एरंड आईनं किती वेळा उपटून फेकला असेल! पण त्याच्या पुढची टीप मनातून जात नाही. योना चिडला तो झाड वाळलं म्हणून नाही, सावली सवयीची झाली होती म्हणून. ते ओळखूनच देव त्याच्यावर ओरडला नाही, नुसतं विचारत राहिला. किती खरं आहे रे.

अकोल्याचं ऊन तुझं तुला लखलाभ. पडद्यांबद्दल रागिणीला अनेक आशीर्वाद.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई

अकोला, २७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. सलाम. वि. वि.

एरंडाची टीप सापडली. सवयीच्या सावलीची काही सापडली नाही. योना तो केवढा, चार पानांचा. चष्मा पुसून तीनदा पाहिलं, नातवाचे डोळे तरणे म्हणून अंकुरलाही पाहायला लावलं. आपल्या दोघांच्या प्रती एकाच छपाईच्या आहेत. तू ते कुठल्या पानावर वाचलंस? की म्हातारपणी स्वतःच टिपा लिहायला लागलीस? तसं असेल तर छान लिहितेस, पण सांग.

उत्तराची वाट पाहणारा,
बंडू

अमरावती, ८ मार्च

चि. बंडूस अ. आ. वि. वि.

तू शोधलंस, म्हणून आता सांगते. ती टीप पुस्तकात नाही. मला वाटलं होतं की आहे.

आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची रीत तुला ठाऊक आहे. एक वचन त्यांनी वाचायचं, एक मी. ते गेल्यावरही मी माझंच तेवढं वाचत आले. त्यांच्या वाट्याचं वचन तसंच सोडायचं, तेवढा वेळ थांबायचं आणि पुढचं वाचायचं. त्यांचं वचन आपण उचलावं हे जमलंच नाही. तुझं पुस्तक आलं आणि योनाला सुरुवात केली, त्या दिवसापासून ती जागा रिकामी राहत नाही. ते वाचतात, अडलं तर सांगतात. बंडू, मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दारावरची थाप येत नाही. ते मात्र शब्द न् शब्द ऐकू येतात.

मला भीती वाटत नाही, तूही भिऊ नकोस. फक्त अकोल्याला ये म्हणू नकोस. ते इथं वाचतात.

तुझी ताई

अकोला, २४ मार्च

ती. ताईस सा. सलाम. वि. वि.

एसटीनं सुखरूप पोचलो. तू दिलेले लाडू अंकुरनं स्टँडवरच फस्त केले.

तुझ्याकडे प्रार्थनेला बसलो होतो ते डोक्यातून जात नाही. तू वाचलंस आणि मी पुढचं वाचायला तोंड उघडलं, तर तू हात वर करून मला थांबवलंस. तू मान डोलवत ऐकत होतीस. मला पंख्याचा आवाज येत होता, बस. मग मी भडकलो. भाऊजी मेलेत ताई, इथं कोणी नाही, असं त्यांच्याच खुर्चीकडे बोट करून म्हणालो. तू उठून लाडू बांधायला गेलीस, ते जास्त लागलं. पण तुला तिथं तसं एकटं सोडणं माझ्याच्यानं होणार नाही. मला तू हवी आहेस गं, घरात, डोळ्यांसमोर.

रागावली असशील तरी लिही.
बंडू

अमरावती, २ एप्रिल

चि. बंडूस,

तू गेल्यापासून ते वाचत नाहीत. मी माझं वचन वाचते, थांबते, आणि काही येत नाही. आधीची शांतता मला सवयीची होती, ही नाही. तुझ्या बोलण्यानं ते दुखावले का? की तुझ्याबरोबर निघाले? अशी थट्टा मी करणार नाही. तिथं काही असेल तर लपवू नकोस. तुझ्या पाया पडते.

ताई

अकोला, १० एप्रिल

ती. ताईस,

लपवत नाही. परवा जेवताना अंकुर म्हणाला, की संदेष्ट्याला भाकर देणाऱ्या त्या विधवेचं पीठ दुष्काळात संपलं नाही हे खरं, पण मडकं कधी भरलंही नाही, रोज झाकण उघडून पाहावंच लागलं. अंकुर आणि बायबल! कुठं वाचलंस विचारलं, तर म्हणे तुमच्याच पुस्तकात खाली लिहून आहे ना. मी पाहिलं. लिहिलेलं नाही.

आम्ही तिघं आळीपाळीनं वाचतो. रागिणी, अंकुर, मग मी. त्या संध्याकाळी माझं झालं आणि रागिणीनं पुढचं वाचलंच नाही. माझं तर वाचून झालं, असं म्हणाली. तिनं तोंडही उघडलं नव्हतं. तरी ते वचन वाचून झाल्यासारखं आम्हा तिघांनाही वाटत होतं. आवाज कोणाला आला नाही. मी अंकुरला त्याच्या पुढचं वाच म्हटलं, त्याच्याच्यानं होईना. मग मी स्वतः वाचायला गेलो, बोट वचनावर, आणि जीभ हलेना. काल तसंच झालं. आजही. रोज त्याच वचनाशी येऊन आम्ही बसून राहतो, रागिणी रडते, आणि पुस्तक मिटवायची माझी छाती होत नाही.

भाऊजींच्या वचनानंतर कोण वाचतं ते मला ठाऊक आहे. ताई, पुढचं वचन तुझं आहे. मिळेल त्या गाडीनं ये.

तुझा बंडू