किटलीचा खर्च

दि. ३

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला फोन लावला की पलीकडून लाउडस्पीकरच बोलतो, म्हणून पत्र. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं सगळं ठरलं. रविवारी हॉल, दोनशे खुर्च्या, दुपारचं जेवण. आत्या भाषण करणार आहे. मी थांबवून पाहिलं.

सोबत निमंत्रणपत्रिका. खाली कोपऱ्यात बघ, तुझं निवडणूक चिन्ह छापलंय. चांगली ठसठशीत किटली. घरात उमेदवार आहे हे लोकांना कळायला नको? कौतुक उलट टपाली पाठव.
तुझा हुशार,
दादा

दि. ६

ती. दादास,
सा. न. वि. वि. कौतुक माझ्याआधी निवडणुकीच्या खर्च निरीक्षकांनी केलं. तुझी पत्रिका माझ्या फायलीला लागली. पत्रिकेवर किटली आणि हॉलमध्ये मी, म्हणजे प्रचारसभा, असं त्यांचं म्हणणं. दोनशे माणसांचं जेवण माझ्या नावावर! खर्चाच्या मर्यादेत आता माझी जेमतेम चाळीस पोस्टरं बसतात. मर्यादा ओलांडली की निवडून आले तरी अपात्र.

समोरच्या उमेदवारासाठी परवा पक्षाचे पुढारी हेलिकॉप्टरनं आले. धुरळ्यानं आमच्या कचेरीतले कप पांढरे झाले. तो खर्च कुणाचा, असं मी विचारलं. निरीक्षक म्हणाले, पक्षाचा, आणि पक्षाला मर्यादा नाही. पक्षाला पैसा कोण देतं, तर ते नाव सांगायचं बंधन नाही. मी पडले अपक्ष.

तेव्हा मी येत नाही. बाबांना तूच सांग. छापताना एवढा उत्साह होता ना, त्यातला थोडा उरला असेल.
लोभ आहेच, पण सध्या दातओठ खाऊन.
धाकटी

दि. ९

चि. धाकटीस,
आशीर्वाद. सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि हॉल रद्द करायला लावला. दोनशे माणसांनी आपापल्या घरी जेवावं, मला पाहुणी एकच हवी, म्हणाले. निरीक्षकांनाही घेऊन ये, मागाहून कटकट नको, हा निरोपही त्यांचाच.

मला मात्र रविवारी हॉलच्या दारात उभं राहून, निरोप न मिळालेल्यांना परत पाठवायचंय. आत्या माझ्याशी बोलत नाही. तिचं भाषण अकरा पानी होतं.
माया कमी करू नकोस, शिक्षा चालू आहे.
दादा

दि. १३

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू दारात उभा होतास, म्हणून घरात काय झालं ते कळवते.

निरीक्षक कॅमेरा घेऊन समोरच बसले. बाबांनी शेगडीवर किटली ठेवली, तर ते चिन्हाचं प्रदर्शन ठरेल, असं निरीक्षक म्हणाले. मग चहा पातेल्यात झाला. त्यांनी लिहिलं: चहा, कप एक. पुढे देणगीचा फॉर्म सरकवला, कारण फुकट चहा ही देणगी. देणाऱ्याचं नाव, पत्ता, सही.

बाबांनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. मग विचारलं, त्या हेलिकॉप्टरला पैसे देणाऱ्यांसारखं माझंही नाव गुप्त राहील का. निरीक्षक बिचारे खालच्या आवाजात म्हणाले, त्यासाठी पक्षाला द्यावं लागतं. मुलीला दिलं की सही लागते.

बाबा म्हणाले की मग प्रश्नच नाही, आणि त्यांनी पेन्शनच्या कागदावर करतात तशी लांबलचक सही केली. खाली शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मला त्या फॉर्मची प्रत मिळाली आहे. निकाल काहीही लागो, ती मी कुणालाही देणार नाही.

तुझ्या लोभाला अजून तरी मर्यादा लावलेली नाही. तो असाच येऊ दे.
धाकटी