नळीतून वाचलेली नोंद

प्रिय ठमाबाई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या कुंड्यांची माती उकरत होतो. आईने फोन ठेवला आणि सांगितलं, की तू सोमवारी लॅबमध्ये राजीनामा देणार आहेस. कारण विचारलं तर म्हणाली, तिला तिथलं पाणी मानवत नाही. ठमे, चौदा महिने मानवलेलं पाणी एका मंगळवारी अचानक बाधायला लागलं, हे मला जरा जड गेलं. पण तुझी आई ओठ मिटून भाजी निवडायला बसली, की तिच्याकडून काही काढून घेणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. म्हणून ठरवलं, पत्र लिहावं. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्र फार तर फाडता येतं, आणि तू तर बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवणारी.

इकडे सगळं छान. आम्ही चार दिवस मावशीकडे राहून आलो, तर कुंडीतला पुदिना माना टाकून बसलेला. आईने तांब्याभर पाणी ओतलं आणि दुपारपर्यंत पठ्ठ्या ताठ! मी मोठ्या उत्साहाने परासरण समजावायला गेलो. मुळांतल्या पेशी पाणी कसं आत घेतात, भोवती भक्कम भित्तिका असल्यामुळे त्या फुगतात पण फुटत नाहीत, वगैरे. तिने हात पुसले आणि म्हणाली, "मला नका शिकवू. तुम्हाला हे मी शिकवलंय." खरं आहे ते. आमचं लग्न मामाने जुळवलं असं तुला आजवर सांगत आलो ना? मामा नुसता जेवायला आला होता. खरी हकीकत आज सांगतो, आणि आधीच बजावतो, तिच्यात तुझा बाप फारसा शोभून दिसत नाही.

मला लॅबमध्ये लागून तेव्हा पाच महिने झाले होते. एका आजोबांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यांना द्यायचं रक्त जुळतंय का ते बघायचं होतं. त्यासाठी आधी त्यांच्या तांबड्या पेशी धुवायच्या असतात, हे तुला काय सांगायचं! पण मला सांगू दे, मजा येते. या पेशीला केंद्रक नाही, पुदिन्यासारखी भित्तिका नाही. एक पातळ पटल, त्यावर सगळा संसार. पाण्याला त्या पटलातून सहज ये-जा, मिठाला मात्र आडकाठी. म्हणून धुवायचं ते रक्ताइतक्याच खारट पाण्याने. आमच्याकडे खारं पाणी आणि नुसतं शुद्ध पाणी अगदी एकसारख्या बाटल्यांत शेजारी-शेजारी असायचं. मी गाणं गुणगुणत भलतीच बाटली उचलली. आत मीठ, बाहेर काही नाही, मग काय! पाणी आत घुसलं, पेशी टम्म फुगल्या आणि फटाफट फुटल्या. यंत्रात फिरवून नळी बाहेर काढली तर तळाशी काही म्हणजे काही नाही. नुसतं सरबतासारखं लाल पाणी.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे लिहायला मला एकतीस वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो. मला कळलं होतं. तरी रजिस्टर ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "नमुना खराब. पेशी आधीच फुटलेल्या." म्हणजे दोष रक्त काढणाऱ्या सिस्टरचा. आजोबांना पुन्हा सुई टोचावी लागली, ऑपरेशन तासभर लांबलं आणि मेट्रनबाईंनी त्या सिस्टरला सगळ्या वॉर्डासमोर झापलं. मी मात्र डबा खाल्ला.

तीन वाजता दार धाडकन उघडलं. दारात त्याच सिस्टर, म्हणजे तुझी आई. तिने रॅकमधून आजोबांची मूळ नळी शोधून काढली. खाली लाल, वर पिवळंधमक. पेशी आधीच फुटल्या असत्या तर वरचंही लाल असतं, हे तिने सांगितलं नाही, मला नुसतं बघायला लावलं. मग दोन नळ्या घेतल्या. एकीत खारं पाणी, दुसरीत नुसतं, दोन्हींत त्याच रक्ताचे दोन-दोन थेंब. खाऱ्या पाण्यातलं रक्त गढूळ राहिलं. दुसरी नळी लाल काचेसारखी नितळ झाली. ती तिने माझ्या रजिस्टरवर धरली आणि त्या नळीतून माझीच नोंद मला मोठ्याने वाचून दाखवली. एकेक अक्षर स्वच्छ दिसत होतं, ठमे.

मी ओळ खोडली. खाली लिहिलं, "बाटली चुकली. चूक माझी," आणि सही केली. मग मेट्रनबाईंकडे गेलो, आजोबांकडेही गेलो. आजोबा म्हणाले, हात पुढे करायला माझं काय जातंय, पण पोरा, तू असा का थरथरतोयस? ओरडा भरपूर खाल्ला आणि संध्याकाळी चहा प्यालो, इतका गोड चहा मी पुन्हा कधी प्यालो नाही. समोर तुझी आई बसली होती. हसू दाबत होती, पण ते काही तिला जमत नव्हतं.

आता तुझ्या पाण्याचं सांगतो. तू आईला बजावलंस, बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना माझी लाज वाटेल. तिने ते जेमतेम एक दिवस पोटात ठेवलं आणि काल भाजी निवडता निवडता सगळं सांगून टाकलं. मंगळवारी तूही तीच बाटली उचललीस, तेच शब्द लिहिलेस आणि तुमच्याकडच्या त्या नव्या सिस्टरला मेमो मिळाला. वेडे, लाज कसली? तू माझीच पोर आहेस याचा आणखी कुठला पुरावा हवा होता मला? पाणी आपोआप आत शिरतं. पण काही गोष्टी पेशीलाही जोर लावून बाहेर ढकलाव्या लागतात, आणि त्या ढकलल्या तरच ती जगते. सोमवारी रजिस्टर उघड, ओळ खोड, खाली तुझं नाव लिही आणि त्या सिस्टरकडे जा. (माझ्यासारखं तिथेच लग्न जुळवायची, तिच्या घरी सून म्हणून जायची सक्ती नाही.) त्यानंतरही राजीनामा द्यावासा वाटला तर खुशाल दे, मी स्टेशनवर घ्यायला येईन. निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेल्या रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. माझ्या सहीखाली आईने त्या दिवशी एकच शब्द लिहिला होता, "पाहिले", तोही बघ.

तुझाच,
खोडून पुन्हा लिहिणारा बाबा

पाहिले.
– आई